नाव न विचारता दिलेल्या गोळ्या

हनीफचाचा, दमले मी. तुम्ही जाऊन अजून तुमचा चाळिसावाही झाला नाही, आणि एवढ्यात औषध खात्याच्या ठाण्यातल्या कचेरीत किती चकरा झाल्या ते विचारू नका. दुकानाचा परवाना तुमच्या नावावर होता, तो आता चाचींच्या नावावर करून घ्यायचा आहे. फार्मासिस्ट म्हणून माझं सर्टिफिकेट भिंतीवर आहे तसंच आहे, पण मालक बदलला की सगळं पहिल्यापासून. जागेचा नकाशा, भाडेपावती, फ्रिजचं बिल, तुमच्या मृत्यूचा दाखला. तो दाखला वाचून टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" मी म्हटलं, "दुकानात कामाला आहे." उत्तर खरंच होतं, पण बाहेर येऊन मी थोडा वेळ जिन्यावर बसून राहिले.

त्या दिवशी दुपारची, जोहरची नमाज पढून तुम्ही जेवलात, जरा आडवा होतो म्हणालात, आणि उठलाच नाहीत. संध्याकाळी तुम्हाला घेऊन गेले. आम्ही बायका कब्रस्तानात येत नाही, मी चाचींजवळ बसून होते. माझे बाबा निरोप मिळताच दिघाशी गावाहून आले, जनाज्याला खांदा देऊन परत तुमच्या ओट्यावर येऊन टेकले आणि म्हणाले, "मानूस सरळ व्हता. तुझ्याशी भांडायचा, पन सरळ व्हता." तिसऱ्या दिवशी जियारत झाली तशी चाचींनीच माझ्या हातात किल्ल्या ठेवल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "दुकान खोल, बाय. लोकांच्या गोळ्या संपल्या असतील." मी शटर वर केलं आणि सवयीनं तुम्हाला सांगायला वळले, की चाचा, मी कॉम्प्युटर चालू करते. तुमची खुर्ची पाहिली आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

बाबा म्हणाले ते खोटं नाही. आपण सुरुवातच भांडणानं केली. कायद्यानं दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो, म्हणून तुम्ही मला ठेवलंत. माझ्या आधीच्या फार्मासिस्टचं फक्त सर्टिफिकेट दुकानात यायचं, माणूस कधी यायचा नाही. मीही तसंच करीन असं तुम्ही धरून चालला होतात. पहिल्याच दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन हजर झाले तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तू बसनार हायस? रोज?" मी म्हटलं, "भिंतीवर नाव माझं आहे, चुकीची गोळी गेली तर पकडणार मला. मग बसायला नको?" तुम्ही स्टूल पुसून दिलंत.

मला आजही वाटतं, औषध खात्याचा तो इन्स्पेक्टर त्या वर्षी आला नसता तर मी तुमच्या दुकानात फार दिवस टिकले नसते. शांत माणूस होता. त्यानं रॅकमधून खोकल्याची एक बाटली उचलली, तिच्यावरचा बॅच नंबर वाचला आणि म्हणाला, "ही कोणाकडून घेतली त्याचं बिल दाखवा." तुमची बिलं तारेला टोचलेली. जुनी खाली, नवी वर, आणि मधली कुठेही. तुम्ही तार काढलीत, मांडीवर घेतलीत आणि एकेक बिल सोडवत बसलात. त्याचा चहा झाला, दुसरा चहा झाला, लाइट जाऊन आली. बिल सापडलं, पण तोवर तुमचा सदरा घामानं भिजला होता. जाताना त्यानं शेऱ्यात लिहिलं, की कोणता माल कोणाकडून आला आणि कुठे गेला हे बॅचनुसार दाखवता आलं पाहिजे. एवढंच. कॉम्प्युटर हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

तो मी घातला. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. मी काही नवं सुचवलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारायचात, "काय गो शैला, ह्या कायदा बोलतो का तू बोलतंस?" मी म्हणायचे, "दोघं." मग तुम्ही, "इन्स्पेक्टर माझा व्याही हाय का? सारखा तुझ्या तोंडात." असं म्हणत म्हणत आधी बिलं फायलीत गेली. मग बॅच आणि मुदतीची तारीख माल आला की लगेच उतरवायची सवय लागली. मग ते हातानं उतरवून बोटं मोडायला लागली, तेव्हा एका वर्षानं जुना कॉम्प्युटर आला, तोही तुमच्या अटीवर, की त्यात फक्त आलेला माल चढवायचा. "इक्रीला हात लावायचा न्हाय. इक्री माझी."

आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग, लूम. सुताची धूळ उडते ती पाण्याच्या पेल्यातही येते, तर मशीनच्या पंख्यात का नाही येणार? महिन्यातून दोनदा ते बिचारं घुर्रर करून बंद पडायचं. चाचींनी कोऱ्या कापडाचं कव्हर शिवून दिलं, मी ते दुपारी जेवताना घालायचे, आणि तुम्ही गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचात, "बाळंतिणीवानी जपते. येक दिस डिंकाचा लाडू पन देईल." हसायचे सगळे. मला राग यायचा, पण खरं सांगू का, त्या दिवसांत कामाला येताना बरं वाटायचं.

मग व्हॅट कर आला. छापील बिल लागणार म्हटल्यावर विक्रीचाही थोडा भाग मशीनवर गेला. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पूर्ण स्ट्रिप नेणाऱ्याचं बिल मी करायचे आणि प्रिंटर करवतीसारखा ओरडायचा. तुमच्या बाजूला कात्री होती. आपलं खरं गिऱ्हाईक तुमच्याच बाजूला यायचं. लूमवरून शिफ्ट सुटली की माणूस यायचा, दोन गोळ्या मागायचा, चार मागायचा. पूर्ण स्ट्रिप घ्यायची ऐपत फक्त पगाराच्या दिवशी. तुम्ही कात्रीनं टक् करून तुकडा कापून द्यायचात. मी म्हणायचे, ह्याचंही बिल व्हायला हवं. प्रोग्राममध्ये सुटी गोळी बसत नव्हती, सगळा हिशेब स्ट्रिपचा. "म्हंजे तुझ्या कॉम्प्युटरला गरीब मानूस दिसतच न्हाय," तुम्ही म्हणालात. मी प्रिंटरचा कागद सरळ करत बसले.

कापायची तुमची एक पद्धत होती आणि ती मीही तुमच्याकडूनच उचलली. बॅच नंबर आणि मुदत स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. कापायला सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकापासून करायची, म्हणजे छापील टोक शेवटपर्यंत दुकानात राहतं. कोणी तपासायला आलं तर दाखवता येतं. तुम्हाला हे तुमच्या वडिलांनी शिकवलं होतं. भिवंडीतल्या दुसऱ्या दुकानांतही मी हेच पाहिलं होतं. नंबर आपल्याकडे राहिला म्हणजे आपण नियमानं वागलो, असं आपल्या दोघांनाही वाटायचं. गिऱ्हाइकाच्या हातात कोरा चंदेरी तुकडा जातो, हे एवढी वर्षं समोर असून दिसलं नाही.

ते दिसलं फिटच्या गोळीमुळे. होलसेलवाल्याचा फोन आला, अमुक बॅचचा माल असेल तेवढा बाजूला काढा, गोळीत औषध कमी भरलंय, कंपनी परत मागवते आहे. मी मशीनवर पाहिलं. किती आला ते होतं, पूर्ण स्ट्रिप कोणकोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेल्या तेही होतं. त्या डॉक्टरांना त्याच दुपारपर्यंत निरोप गेले. मी खुशीत मान वर केली, आणि तुम्ही कात्रीकडे बघत बसला होतात. राहिलेला सगळा माल तुमच्या बाजूनं गेला होता, तुकड्यातुकड्यानं. कोणाला, हे आपल्या दोघांपैकी कोणाकडेच लिहिलेलं नव्हतं. फिटची गोळी आहे, ताकद कमी असेल तर माणूस चालू लूमवर कोसळेल, हे तुम्ही स्वतःशीच बोललात. मग टोपी घातलीत आणि म्हणालात, "चल. शटर खाली कर."

ती दुपार मी विसरणार नाही. तुम्हाला चेहरे आठवत होते, पण चेहऱ्यावरून दार कसं सापडणार? लूमच्या धडधडीत तुम्ही लोकांच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होतात, वो लंबा वाला, जिसको झटके आते हैं. कोणी दाखवत होतं, कोणी खांदे उडवत होतं. नूरजहाँची खोली सापडली. तिच्या मुलीसाठी ती आपल्याकडून गोळ्या न्यायची. तिनं पत्र्याचा डबा उघडून दाखवला, आत कोरे तुकडे. ह्यातले कुठले वाईट आणि कुठले चांगले? मी ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिले. नंबर आपल्या दुकानात होता, रॅकमध्ये.

नूरजहाँ सांगायला लागली, रोज खिलाती हूँ चाचा, फिर भी गिरती है. थूक देती होगी. मैंने बहुत मारा इसको. मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. तुम्ही तसेच जमिनीवर बसलात, तिच्याएवढे झालात आणि तिला म्हणालात, "बेटा, तेरी गलती नहीं थी. गोली खराब थी. हमारी दुकान की गोली खराब थी." कंपनीची म्हणाला नाहीत. मुलीनं आईकडे पाहिलं, आणि नूरजहाँनं पदर तोंडात कोंबला. मी भिंतीकडे तोंड करून तो डबा रिकामा करत राहिले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

तिची मुलगी पुढे बरी राहिली. पण सगळे काही सापडले नाहीत. भावासाठी गोळ्या नेणारा एक माणूस होता, कपाळावर जखमेची खूण असलेला. त्याचा लूमच बंद झाला होता आणि तो कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं. कितीतरी महिने काउंटरसमोर सावली पडली की तुम्ही आधी कपाळ बघायचात. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून विचारलंत, "दोन गोळ्या बसतील काय गो त्याच्यात?" मी प्रोग्रामवाल्याला कल्याणहून बोलावलं. तो म्हणाला, स्ट्रिपऐवजी गोळी धरून मोजायचं, त्यात काय, आधी का नाही सांगितलंत? आणि त्या आठवड्यापासून सुटी गोळी कागदी पाकिटात जायला लागली, पाकिटावर बॅच आणि मुदत. पाकिटं तुम्ही लिहायचात. अक्षर गिचमिड, पण आकडे सुंदर. ह्या वेळी मला इन्स्पेक्टरचं नाव काढावं लागलं नाही. काय आलं आणि कोणत्या दिवशी काय गेलं, हे आता आपल्याला सांगता येत होतं. कोणाकडे गेलं, एवढंच राहिलं होतं.

आणि तिथे तुम्ही अडलात. नाव आणि पत्ता मागायला तुम्ही शेवटपर्यंत तयार झाला नाहीत. "नाव इचारनारा मानूस इथं दोनच परकारचा. येक पोलीस, दुसरा मतं मागनारा. आपन तिसरे व्हायचं न्हाय." मी नियम दाखवला, चिठ्ठीवरच्या औषधाला रुग्णाचं नाव लागतंच. तुम्ही म्हणालात, "टीबीची गोळी नेनारा नाव देल? शेटला कलला तर लूमवरून काढील त्याला. उद्यापासून गोळीच न्यायचा न्हाय तो. मग लिव तुझा कायदा." तुमचं चुकत नव्हतं, चाचा. पण माझंही चुकत नव्हतं. मी विचारलं, पुन्हा तशी बॅच आली तर? "मी जाईन." सगळ्यांकडे? "जाईन गो." आणि तो सापडला नाही तो? त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात. ते मी बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे केलं. प्रोग्रामवाल्याला सांगून नावाचा रकाना सक्तीचा करून घेतला. नाव टाकल्याशिवाय बिल पुढे जाणारच नाही. मला वाटलं तुम्ही मानलंत. संध्याकाळी दिवसाची विक्री बघायला बसले तर प्रत्येक बिलावर हनीफ. हनीफ, हनीफ, हनीफ. एका बोटानं एवढं टाइप केलं होतंत. मशीनच्या हिशेबानं तुम्हाला बीपी होतं, शुगर होती, टीबी होता, फिट येत होत्या, आणि शिवाय तुम्ही गरोदर बाईच्या रक्तवाढीच्या गोळ्या घेत होतात. मी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कायद्याला नाव पायजे व्हतं. दिला. खोटा हाय का नाव?" चाची आतून हसत होत्या. मला मुळीच हसू आलं नाही, मी डबा उचलून घरी निघून गेले. तो वाद तिथेच राहिला. रोज एकेकदा उकरून काढायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा, असं चाललं होतं, आणि एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात.

आज इतकं हसू येतं त्या बिलांचं, की डोळे पुसावे लागतात. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं, की मी ती बिलं दुरुस्त केली नाहीत. करता आली असती.

दुकान उघडल्यापासून मी एकटीच दोन्ही बाजू सांभाळते आहे, मशीनची आणि कात्रीची. अट मीच घालून ठेवलेली, नावाशिवाय बिल निघत नाही. आणि लोकांना नाव विचारायला जीभ रेटत नाही. तुम्ही गेल्यापासून मीही हनीफच टाकते आहे. कचेरीतले साहेब नव्या परवान्यासाठी पाहणीला येतील तेव्हा काय सांगणार, ते मला माहीत नाही. चाचींना मी सांगितलं नाही, त्यांचं नाव आता त्या परवान्यावर येणार आहे. परवाना अडला तर दुकान बंद, हे काही वेगळं सांगायला नको.

काल तो बीपीवाला आला. उंच, वाकून चालणारा, पाच पाच गोळ्या नेणारा. त्याची गोळी मला पाठ आहे, नाव माहीत नाही. गावाला गेला होता, आल्यावर कळलं म्हणाला. थोडा वेळ तुमच्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. मी गोळ्या कापल्या, पाकिटावर नंबर लिहिला, आणि नावाच्या रकान्यात सवयीनं ह टाकला. तेव्हा तो म्हणाला, "बहनजी, एक बात पूछूँ? कभी गोली में खराबी निकली, तो पहले चाचा आ जाते थे बताने. अब कौन आएगा?"

मी कीबोर्डवरून बोट उचललं.

"तो मेरा नाम लिख लो," तो म्हणाला. "रामदुलार."

मी ह खोडला आणि रामदुलार लिहिलं. आजवर त्याच्या सगळ्या गोळ्या तुमच्या नावावर होत्या, चाचा. मग मी त्याला पत्ता विचारला. तो गोंधळला. "पता क्या बोलूँ. नंबर-वंबर तो है नहीं. चाचा को मालूम था."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्याबरोबर निघाले. परत येऊन पत्त्याच्या जागी टाइप केलं, सायझिंग कारखान्यामागची गल्ली, टाकीवरून डावीकडे, जिन्याखालची खोली. तेवढ्यात त्याच्या शेजारची एक बाई दुकानात येऊन उभी राहिली, म्हणाली, मेरा भी लिख लो. तिच्या मागे अजून एक जण. तुमचा शब्द होता, मी जाईन, म्हणून इतकी वर्षं कोणाला नाव द्यावं लागलं नव्हतं. हा वाद मी जिंकले, चाचा, आणि असा जिंकायचा नव्हता मला. पाय फार दुखतात. उद्या दुपारी त्या दोघांची घरं बघायला जायचं आहे.